सेटरच्या गळ्यात घंटा ठेवावी की काढून टाकावी?

अ‍ॅस्पेनवाला
नमस्कार मंडळी. मी मिशिगनच्या उत्तर भागात, ग्रेलिंगजवळ राहतो. मूळचा कराडचा. घरी चार वर्षांची इंग्लिश सेटर कुत्री आहे, चांदणी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून ते नाव. रफ्ड ग्राउज आणि वुडकॉक या दोन्ही पक्ष्यांच्या मागे आम्ही दोघं जातो. ग्राउजचा हंगाम १५ सप्टेंबरला उघडलाय.

पहिल्यापासून तिच्या गळ्यात पितळेची घंटा आहे. ती झाडोऱ्यात फिरत असते तोवर घंटा वाजत राहते. वास लागून ती जागच्या जागी थबकली, म्हणजे पॉइंट धरला, की आवाज बंद. मग आपण त्या दिशेने चालत जायचं. इथली कोवळी अ‍ॅस्पेनची रानं इतकी दाट असतात, की पानं झडेपर्यंत दहा पावलांवरचं कुत्रंही दिसत नाही. त्यामुळे सगळी भिस्त कानावर.

आणि माझा डावा कान अधू झालाय. वीस वर्षं बंदूक चालवली, कानात बोळे कधी घातले नाहीत, ही चूक माझीच. घंटा थांबली हे मला आजही कळतं. कुठे थांबली ते कळत नाही. मागच्या रविवारी ती ऑल्डरच्या झुडपांच्या जाळीत उभी होती आणि मी नेमका उलट्या दिशेला चालत गेलो. सापडली तेव्हा पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ, अंगाला बारीक कंप सुटलेला आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. किती वेळ तशी उभी होती कुणास ठाऊक. पक्षी केव्हाच पायी निघून गेला होता. तिने माझ्याकडे मान वळवून पाहिलं ते मला फार लागलं.

शिकारीतला एक मित्र म्हणतो घंटा काढ, नुसता जीपीएसचा पट्टा लाव, हातातल्या यंत्रावर कुत्रं कुठे आहे ते दिसतं. शिवाय घंटेने ग्राउज सावध होतो, असं त्याचं ठाम मत. हे खरं आहे का? ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगावं.

सुपीरियरकाठी
दादा, मी उत्तर मिनेसोटात आहे. माझ्याकडे ब्रिटनी जातीची दोन कुत्री आहेत आणि दोन्ही प्रकार बरीच वर्षं वापरून झालेत.

आधी वुडकॉकचं सांगते, कारण ते सोपं आहे. तो आपल्या पाचोळ्यासारख्या रंगावर विसंबून बसून राहतो. डोळे डोक्यात इतके मागे, की मागून येणाराही त्याला दिसतो, तरी हलत नाही. त्याच्यासाठी घंटा वाजली काय, न वाजली काय. ओलसर जमिनीवर चुन्यासारखी पांढरी शीट आणि गांडुळं शोधताना चोचीने पाडलेली भोकं दिसली की मी निर्धास्त घंटा लावते.

ग्राउज वेगळा. सप्टेंबरातली पिल्लावळ भोळी असते. ऑक्टोबर संपताना जे उरलेत ते शिकलेले असतात. कुत्र्याने पॉइंट धरला तरी ते पायी सरकत राहतात आणि मोठ्या झाडाचं खोड मध्ये घेऊन उडतात. तेव्हा मी घंटा काढते. पण माझं पक्कं मत असं, की घंटेपेक्षा माणसाचा आवाज जास्त नडतो. आपण कुत्र्याला हाका मारतो, शिट्ट्या फुंकतो, सोबत्याशी गप्पा मारतो. आधी ते बंद करून बघा. मी माझ्या नवऱ्याला रानात बोलायची बंदी केलीय आणि फरक पडलाय.

यंत्राबद्दल एक सावधगिरी. माझ्या गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रावर कुत्र्याची जागा दर अडीच सेकंदांनी बदलते आणि कुत्रं थांबलं की यंत्र थरथरतं. सोय उत्तम. पण पहिल्या वर्षी माझी नजर सारखी त्या पडद्यावर असायची. समोरून पक्षी उडाला तेव्हा माझ्या एका हातात यंत्र होतं आणि बंदूक काखेत. आता ते छातीवरच्या खिशात असतं आणि थरथरल्याशिवाय मी बाहेर काढत नाही. जाड जाकिटाच्या खिशात ठेवू नका, थरथर कळत नाही.

माळावरचा
मी शिकारी नाही. आमच्याकडे माण तालुक्यात तितर आणि लावे दोन्ही आहेत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावरही लहान शिकारीचे परवाने मिळायचे, १९९१च्या दुरुस्तीने तेही संपले, आणि ते संपले हे मला बरंच वाटतं. त्यामुळे पक्षी मारण्यावर मी काही बोलणार नाही.

घंटेवर मात्र बोलेन, कारण आमचं घर मेंढरांचं. आजोबा घाट्या, म्हणजे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, निवडताना एकसारख्या आवाजाच्या कधी घेत नसत. हाताने वाजवायचे, डोळे मिटायचे, दुसरी वाजवायचे. बारीक चिरका आवाज झाडाझुडपात आणि वाऱ्यात मरतो, घोगरा जाड आवाज लांब जातो, असं ते म्हणत. म्हातारपणी त्यांना बारीक घाटी ऐकूच यायची नाही, जाड यायची. तुमची पितळी घंटा बारीक आवाजाची असेल तर एकदा जाड पत्र्याची, मोठ्या पोटाची घाटी लावून पाहा. आणि आवाज थांबला की लगेच चालू लागू नका. जागेवर उभं राहून, वाजत होती तेव्हा शेवटी कुठून आली ते आठवा. आजोबा तेवढा वेळ हातातली काठीसुद्धा टेकवत नसत.

मेनचापाऊस
काका, आधी कान तपासून घ्या. घंटेचा निर्णय नंतर. बारची दणक दाबणारे आणि बारीक आवाज वाढवून देणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ मिळतात, ते आजपासून घाला, उजवा कान तरी वाचेल.

दुसरं, घंटा चांदणीच्या कानापासून वीतभर अंतरावर दिवसभर वाजते. आपले कान जपायचे आणि तिचे नाहीत, हे मला पटत नाही. मी माझ्या पॉइंटर जातीच्या कुत्र्याला घंटा लावतो ती फक्त सकाळच्या पहिल्या दोन तासांत. घंटा काढलीत तर तिच्या अंगावर भगवं जाकीट हवंच. घंटा वाजत असली की दुसऱ्या शिकाऱ्याला कळतं हे कुत्रं आहे. मुकाट्याने झुडूप हललं तर तो काय समजेल सांगता येत नाही.

अ‍ॅस्पेनवाला
दोन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

पत्र्याची जाड आवाजाची घाटी मागवली. फरक आहे, खरंच आहे. आवाज थांबल्यावर मी आता डोकं हळूहळू फिरवत उभा राहतो आणि उजवा कान पुढे करतो. शनिवारी तसं केल्यावर चांदणी पहिल्या प्रयत्नात सापडली. पायाशी वुडकॉक होता. एवढा जवळ, की त्याच्या लांब चोचीचं टोक पानाखाली रुतलेलं दिसलं. उडाला तेव्हा पंखांची ती बारीक शिट्टी मला ऐकू आली नाही. पूर्वी यायची. बार केला नाही, बघतच राहिलो.

रविवारी घंटेशिवाय गेलो, मित्राचा पट्टा लावून. एकटा होतो, तोंड बंद ठेवलं. चौथ्या पॉइंटला ग्राउज हेमलॉकच्या झाडाआडून उठला आणि २० बोअरच्या दुनळीने एका बारात पडला. चांदणीने तो आणून हातात दिला, एक पीस विस्कटलं नव्हतं. पण दोन तास रानात तिचा काहीच आवाज नाही, हे मला जड गेलं. ती आहे की नाही याची रुखरुख लागून राहते.

तेव्हा पानं झडेपर्यंत घाटी, पुढे पट्टा. इअरमफ घेतलेत, कानाच्या डॉक्टरची वेळ पुढच्या मंगळवारची आहे. कानाचं मशीन लावून रानात जाणारं इथे कुणी असेल, तर वाऱ्यात ते कसं चालतं एवढं सांगा.