पिकअपमधल्या बेल्टची टुंगटुंग: बंद करावी की ऐकत राहावी?

जुन्नरचा_जुना
सिंगल केबिन पिकअप घेतली. गाडीबद्दल तक्रार नाही, ओढ चांगली आहे. तक्रार आहे ती सीटबेल्ट न लावल्यावर वाजणाऱ्या आवाजाची. आमचं काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण उत्तर देणारे निम्मे कारवाले असणार. पहाटे गाडी शेतात घालायची. थोडी पुढे घ्यायची, उतरायचं, क्रेट मोजून भरायचे, परत चढायचं, परत थोडी पुढे. बांधावरून रिव्हर्स घेताना खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढावं लागतं, बेल्ट लावून ते जमत नाही. मग नारायणगावच्या मार्केटला रांगेत ताटकळायचं, तिथेही गाडी दर दोन मिनिटांनी हातभर सरकते. या सगळ्यात टुंगटुंग चालूच. शेजारच्या सीटवर टोमॅटोचा क्रेट ठेवला, वीस-बावीस किलोचा, की गाडीला वाटतं तिथे माणूस बसलाय, आणि त्याच्याही नावाने बोंब सुरू.

हायवेला मी बेल्ट लावतो, ते शिकवायला येऊ नका. वाशीला माल नेताना एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेत, हजाराचं चलान थेट मोबाईलवर पडतं. मुद्दा शेताचा आणि मार्केटचा आहे. तिथे हा आवाज बंद करण्यात मला काही गैर वाटत नाही. कारचा विचार करून केलेली सोय आमच्या गाडीत जशीच्या तशी आणून बसवलीय.

घाटमाथा
असहमत. शेतातून डांबरी रस्त्याला लागताना बेल्ट लावायचं लक्षात राहतं, असं सगळेच म्हणतात. नेमका त्याच वेळी आडत्याचा फोन येतो, भाव काय निघाला ते ऐकण्यात पाच किलोमीटर जातात. केंद्राच्या अहवालात २०२२ साली बेल्ट न लावलेले १६,७१५ जण गेल्याची नोंद आहे, त्यातले ८,३८४ गाडी चालवणारे. त्यातल्या किती जणांना 'हायवेला लावतो' असं वाटत असेल?

आणि पिकअपला तर बेल्ट कारपेक्षा जास्त उपयोगी. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा हिशोब असा, की पुढे बसलेल्याचा जीव जाण्याचा धोका बेल्टमुळे कारमध्ये ४५ टक्क्यांनी कमी होतो आणि पिकअपसारख्या हलक्या ट्रकमध्ये ६० टक्क्यांनी. उंच गाडी कलंडते, माणूस दारातून-काचेतून बाहेर फेकला जातो आणि बहुतेकदा तिथेच संपतो. बेल्ट त्याला केबिनमध्ये धरून ठेवतो. माल भरलेली गाडी घेऊन माळशेज उतरणाऱ्याला कलंडणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

कोल्हापुरी_क्लच
भावा, एवढं कशाला डोकं लावतोयस. बेल्टच्या खाचेत घालायची क्लिप मिळते, शे-दीडशेला. खट्ट करून घातली की विषय संपला. आमच्या स्टँडवरच्या निम्म्या गाड्यांत आहे. बेल्ट लावायचा तेव्हा क्लिप काढायची, इतकं सोपं.

सई_नाशिक
सोपं आहे, पण क्लिप काढतंय कोण? एकदा घातलेली क्लिप गाडी विकेपर्यंत तिथेच राहते.

आणि हे प्रकरण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापर्यंत जाऊन आलंय. मे २०२३ मध्ये त्यांनी अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, स्नॅपडील आणि शॉपक्लूज या पाचही ठिकाणांहून या क्लिपा काढायला लावल्या. १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. काही महाभाग तर हीच वस्तू बाटली उघडायचं ओपनर किंवा सिगारेट लायटर म्हणून विकत होते. ज्याला आपण काय विकतोय हे लपवावं लागतं, त्याच्याकडून मी तरी जिवाशी संबंधित काही घेणार नाही.

कोल्हापुरी_क्लच
ताई, गडकरी साहेबच म्हणाले होते की चार मुख्यमंत्र्यांच्या गाडीत पुढे बसलो तर तिथे क्लिपा लावलेल्या होत्या. सायरस मिस्त्रींचा पालघरजवळ अपघात झाला त्यानंतरची गोष्ट, सप्टेंबर २०२२. मुख्यमंत्र्यांना चालते आणि आम्ही टोमॅटोवाले तेवढे गुन्हेगार?

सई_नाशिक
साहेबांनी ते कौतुकाने सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला बेल्ट कुठाय विचारला आणि लावूनच निघाले, हेही त्याच भाषणात होतं.

वायरिंग_मास्तर
या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं ऐकवतो.

बेल्टच्या बकलमध्ये एक छोटा स्विच असतो. शेजारच्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारी पट्टी असते. वजन आहे, बकल रिकामं आहे, की डॅशबोर्डमधला बझर वाजतो. त्या पट्टीला टोमॅटो आणि माणूस यांतला फरक कळत नाही, ती तेवढी हुशार बनवलेलीच नाही. तेव्हा जुन्नरकरांची क्रेटबद्दलची तक्रार खरी आहे.

आता गिऱ्हाईक येऊन म्हणतं, 'मास्तर, वायर तोडून टाका.' मी तोडत नाही, आणि कारण नियमाचं नाही. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक, उघडं दार, वेगाची सूचना, सगळं त्याच एका बझरवर असतं. बझर काढला तर हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी हाकाल आणि ड्रम जळाल्याचा वास आल्यावर माझ्याकडे याल. दुसरं, सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. ते एअरबॅगचं किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचं असतं, त्यात फटाक्यासारखी दारू भरलेली असते. गल्लीतला कोणीतरी पोरगा इग्निशन चालू ठेवून ते ओढतो, एअरबॅगचा दिवा लागतो तो मग स्कॅनर लावल्याशिवाय विझत नाही. काही गाड्यांत बेल्ट लावलाय की नाही हे बघूनच एअरबॅगचा कॉम्प्युटर आपलं गणित करतो. तिथे क्लिप घालणं म्हणजे त्याला खोटी माहिती देणं.

क्रेटसाठी उपाय फुकट आहे. शेजारचा बेल्ट क्रेटवरून घ्या आणि बकलमध्ये लावा. आवाजही बंद, आणि करकचून ब्रेक लागला तर वीस किलोचा क्रेट तुमच्या गिअर बदलणाऱ्या हातावर येणार नाही. तो मोकळा ठेवणं हे बेल्ट न लावण्याइतकंच वाईट, पण त्यावर कोणी धागा काढत नाही.

जुन्नरचा_जुना
मास्तर, क्रेटचं पटलं. करून बघतो. पण माझ्या सीटचं काय? मार्केटच्या रांगेत उतर-चढ करताना दर वेळी बेल्ट लावायचा-काढायचा का? कायदा करणाऱ्यांनी एक सकाळ माझ्याबरोबर काढावी.

लेस्टरकर
इकडे ब्रिटनमध्ये कायद्यात तुमच्यासारख्यांचा विचार केलाय. मालवाहू गाडीतून माल पोचवताना दोन थांब्यांमध्ये ५० मीटरपेक्षा जास्त अंतर नसेल तर बेल्टची सक्ती नाही. रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरलाही सूट आहे. म्हणजे तुमची बांधावरची अडचण इथल्या कायदा लिहिणाऱ्यांना बसल्या जागी सुचली होती. मात्र सूट कायद्यात आहे, गाडीत नाही. गाडी इथेही बोंबलतेच, आणि इथलेही डिलिव्हरीवाले तिला शिव्याच घालतात.

घाटमाथा
५० मीटर. जुन्नरकर, तुमचं शेत ते मार्केट किती?

जुन्नरचा_जुना
मी शेतातलं आणि मार्केटच्या आतलं बोलतोय, मधलं नाही. पहिली पोस्ट परत वाचा.

जुना_मेकॅनिक_ह्यूस्टन
या वादाला पन्नास वर्षं झाली. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांना अमेरिकेत अशी यंत्रणा सक्तीची केली की पुढच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय इंजिनच सुरू होणार नाही. सीटवर किराण्याची पिशवी ठेवली किंवा कुत्रं बसलं तरी गाडी ठप्प. लोक इतके भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा करून ती सक्ती काढली, आणि वर आवाजाची सक्तीही ८ सेकंदांच्या पुढे नको असं लिहून टाकलं. ती ८ सेकंदांची मर्यादा हटायला २०१२ उजाडलं.

पिकअपवाल्यांचा त्रास मी इथे रोज ऐकतो. कुंपण बघत रँचवर फिरणारा माणूस आणि तुमचा बांधावरचा माणूस एकाच गोष्टीला वैतागलेला असतो. फोर्डने यावर मार्ग काढला होता. मालकाला आवाज बंद करायचा असेल तर ठरावीक वेळा बकल लाव-काढ करायची पद्धत त्यांनी गाडीबरोबरच्या पुस्तकातच छापली. वायर तोडायला नको, क्लिप नको, आणि हवा तेव्हा परत चालू. तेव्हा आधी तुमच्या गाडीचं पुस्तक उघडा. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सील असेल, मला खात्री आहे.

जुन्नरचा_जुना
उघडलं. दिव्याचं चित्र आहे, 'बेल्ट लावा' लिहिलंय, बाकी काही नाही. शोरूमला विचारलं तर तो पोरगा हसला आणि म्हणाला, सवय होईल.

सई_नाशिक
ह्यूस्टनकरांची गोष्ट दोन्हीकडून वाचता येते. आवाज त्रासदायक केला तर लोक ती सोयच मोडून टाकतात, हे मान्य. पण ८ सेकंदांचा आवाज कोणी मनावरच घेत नाही, म्हणून तर पुढे तो वाढवावा लागला. कंपन्यांनी पाच-सात किलोमीटरच्या वेगापर्यंत नुसता दिवा ठेवावा आणि वर गेलं की वाजवावं. हे सॉफ्टवेअरचं काम आहे, त्यासाठी गाडी नव्याने घडवावी लागत नाही. मागणी करायची तर ती करा. क्लिपवर वाद घालून काय मिळणार?

कोल्हापुरी_क्लच
कंपनी ऐकेपर्यंत माझी पुढची गाडी येईल.

खोचक
छान चाललंय. केबिनमधल्या दोन माणसांच्या बेल्टवर एवढं लिहून झालं. मागे हौद्यात तोडणीच्या बायका उभ्या असतात, त्यांच्यासाठी गाडीत कुठला बझर आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराला निघालेल्या बायकांची पिकअप दरीत गेली. त्या मागे बसल्या होत्या. लग्नसराईत प्रत्येक तालुक्यात वऱ्हाड असंच निघतं. मालाच्या गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी त्यावर या धाग्यात अवाक्षर नाही.

जुन्नरकर, सरळ विचारतो. तुम्ही मजूर हौद्यातून आणता का?

घाटमाथा
विषयांतर आहे, पण प्रश्न बरोबर आहे.

जुन्नरचा_जुना
आणतो. लपवत नाही. पहाटे पाचला त्या वाडीवरून एसटी नाही, सहा आसनीवाला सीझनला तोंड बघून भाडं सांगतो, आणि टोमॅटोला भाव नसेल त्या आठवड्यात तोडणीच अंगावर येते. कुंडेश्वरच्या अपघातानंतर थोडे दिवस बंद केलं होतं. बायकाच म्हणाल्या, चालत यायला लावलं तर दुसऱ्याच्या शेतावर जाऊ. सांगा, काय करू?

वायरिंग_मास्तर
दोघी-तिघींना केबिनमध्ये घेऊन दोन फेऱ्या करा. डिझेल किती जातं ते बघा, वाटतं तेवढं जात नाही.

जुन्नरचा_जुना
केबिनमध्ये माझ्याशेजारी एकच बेल्ट आहे मास्तर.

खोचक
मग तीन फेऱ्या.