नाशिकजवळ गळ टाकायला कुठलं धरण बरं? वर्षभर जाता येईल असं सांगा

सातपूरवाला:
नमस्कार मंडळी, पोराला सध्या गळाचं वेड लागलंय आणि मोबाईल सोडून त्यात रमतोय याचा मला खरंच आनंद आहे, म्हणून रविवारी जमेल तसं पाण्यावर जायचं ठरवतोय. गंगापूर धरणाचा बोट क्लब बघून झालाय, आता जरा शांत काठ हवा. आई आणि मिसेस पण येतील, त्यांना माशांत इंटरेस्ट नाही. परवानगी वगैरे लागते का?

दारणाकाठ:
दादा दारणा नाहीतर मुकणे बघा, इगतपुरीच्या अंगाला. पण आधी विचारून बसा. धरणातली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेली असते, बोटुकली म्हणजे माशांची पिल्लं ते स्वतःच्या खर्चानं सोडतात, त्यामुळे मासा त्यांच्या कष्टाचा आहे. काठावर जाळं सुकवत असतात त्यांनाच विचारायचं, मुलाला घेऊन आलोय एक काठी टाकू का, आणि नाही म्हणाले तर दुसरा काठ धरायचा. पोराला सुरुवातीला चिलापी लागू दे, बारीक गळ आणि गांडूळ बास. नंतर कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून रोहूला. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधे, मृगळ तळाशी, म्हणून दोरी किती खोल सोडायची ते त्यावर. मरळ गवताच्या कडेला असते पण तिला जिवंत आमिष लागतं, ते नंतर शिकव. आणि धरणाच्या भिंतीखाली नदीपात्रात अजिबात बसू नका, आवर्तन, म्हणजे धरणातून शेतीसाठी सोडतात ते पाणी, सुटलं की पात्रात पाणी बघता बघता वाढतं.

निफाडची ताई:
थंडीत आईंना नांदूर मध्यमेश्वरला आणा, चापडगावच्या बाजूनं. गोदावरी-कादवाचा संगम आहे, २०२० मध्ये रामसर दर्जा जाहीर झाला, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, महाराष्ट्रातली पहिलीच. मनोऱ्यावरून चक्रवाक, थापट्या, वारकरी असे पक्षी निवांत दिसतात, सकाळी लवकर या. फक्त गळ घरी ठेवा, अभयारण्य आहे.

सातपूरवाला:
ताई मस्त, आईला पक्षी आवडतातच. पावसाळ्यात काय करायचं मग?

दारणाकाठ:
पावसाळ्यात काठी बांधून ठेव. रोहू, कटला, मृगळ तेव्हाच अंडी घालतात, पोटात गाभोळी असलेली मादी काढली तर पुढचा हंगाम गेला, मला हे बघवत नाही. त्या दिवसांत भावली धरणाकडे जा, आजूबाजूला नुसते धबधबे, काठावर मात्र निसरडं असतं तेव्हा पोराचा हात सोडू नको.

निफाडची ताई:
आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी भंडारदरा! मे संपता संपता झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. धरण १९२६ चं, प्रवरेवर. मुक्काम करावा लागेल, रात्री गाडीचे लाईट आणि टॉर्च बंद ठेवा, उजेडानं काजवे बिचकतात.

सातपूरवाला:
दोघांचे आभार. येत्या रविवारी मुकणे, दारणाकाठ दादा तुम्ही त्या बाजूला असाल तर मेसेज करा, पोराला गाठ मारायला शिकवा.