लाखाच्या पुढे गेलेली गाडी: इंजिन ऑइल कोणतं, किती, कधी?

मीटर लाखाच्या पुढे सरकला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: "गाडी जुनी झाली आता, जरा जाड ऑइल टाकू." हे कधी अगदी बरोबर असतं, तर कधी त्यातूनच नवं दुखणं सुरू होतं. ज्यांचे हात रोज ऑइलमध्ये असतात त्यांनी आपापल्या टोपणनावाने खाली लिहा. इंजिन, ग्रेड, किती किलोमीटरला किती ऑइल उतरतं एवढं आलं तर वाचणाऱ्याला उपयोग होईल. "अमुक ब्रँड बेस्ट" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

स्पॅनर

ग्रेड बदलण्याआधी गाडी ऑइल खाते का, ते मोजा. सपाट जागेवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पुसायची आणि वरच्या खुणेपर्यंत भरायचं. मग १००० किमी चालवून त्याच जागी, तसंच थांबून बघायचं आणि मापाच्या मगाने पुन्हा त्याच खुणेपर्यंत आणायचं. जेवढं ओतलं तेवढं खाल्लं. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर ऑइल बसतं, म्हणून मापाचा मग नसला तरी अंदाज येतो. १००० किमीला १००-२०० मिली म्हणजे लाखाच्या गाडीला काहीच नाही, ग्रेडला हात लावू नका. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर कारण शोधा. ऑइल बदलून कारण जात नाही.

सेंटीस्टोक

आधी आकडे समजून घेऊ. ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडमधला पहिला आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. महाबळेश्वरलासुद्धा त्याची वेळ येत नाही. म्हणून आपल्याकडे खरा वाद दुसऱ्या, तापलेल्या ऑइलच्या जाडीच्या आकड्याचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकमध्ये (जाडी मोजायचं एकक) असतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे १२ चं 'तीस' आणि १३ चं 'चाळीस' हे शेजारी-शेजारी बसतात!

गंमत पुढेच आहे. सगळी ५डब्ल्यू-३० सारखी नसतात. पेट्रोल वाचवणारी जी असतात, ती बेअरिंगमध्ये तापून दाबली गेल्यावर पातळ राहतात. ज्या डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी-उत्पादकांची संघटना) ए३/बी४ किंवा सी३ लिहिलेलं असतं, त्यांना तापून दाबलेलं ऑइल किती जाड राहतं हे १५० अंशांवर मोजणाऱ्या चाचणीत (एचटीएचएस) किमान ३.५ गाठावंच लागतं. तेव्हा थोडं ऑइल खाणाऱ्या गाडीला एकदम १५डब्ल्यू-४० कडे उडी मारण्याआधी ही पायरी घ्या: तोच ग्रेड, पण ए३/बी४. तरीही उतरत असेल आणि पुस्तिकेच्या तापमानाच्या तक्त्यात ४० ला परवानगी असेल, तर ५डब्ल्यू-४०.

ज्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ आहे त्यांनी ४० कडे बघूच नका. व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड आणि त्याच्या बारीक वाटा त्याच जाडीला धरून आखलेल्या असतात. जाड ऑइलने कॅम उशिरा हलतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

घाटवळण

ऑइल जातंय कुठून, हे धूर सांगतो. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर भसकन येऊन लगेच थांबला, तर व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील) गेलंय. कसारा किंवा खंडाळा उतरताना गियरमध्ये पाय सोडून या आणि खाली आल्यावर अॅक्सिलरेटर द्या. मागे निळा लोट दिसला तरी तेच. चढावर लोड घेताना सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. तेव्हा चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. वाफेसारखा दाब फुसफुसत बाहेर आला तर ब्लो-बाय आहे, म्हणजे जळलेला वायू रिंगांतून खाली निसटतोय.

पण रिंगांचा खर्च काढण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातले वायू परत जाळायला पाठवणारा) काढून कानाशी हलवा. खुळखुळला तर ठीक, मुका असेल तर चिकटलाय. काही शे रुपयांचा भाग, आणि निम्मं दुखणं कधीकधी तिथेच मिटतं.

मल्टिजेट

१.३ डिझेल (स्विफ्ट, डिझायर, पुंटो, व्हिस्टा, सगळीकडे तेच इंजिन) याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी पडलं किंवा बदलायला उशीर झाला की पहिला बळी चेनचा. सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर जाड ऑइलने ती झाकू नका. थंडपणी जाड ऑइल टेन्शनरपर्यंत आणखी उशिरा पोहोचतं. चेन किट तपासा.

५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, ए३/बी४, तीन लिटरच्या थोडं वर. शहरात फिरत असेल तर पुस्तिकेतली मुदत संपायची वाट न बघता ७५०० ला बदला. फिल्टर कागदी काडतुसाचा आहे, झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी. आणि नवं ऑइल २०० किमीत काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलची काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम.

हिरवी नंबरप्लेट

सीएनजीवाल्यांची फसगत उलटी. गॅसवर काजळी नगण्य, त्यामुळे १०,००० नंतरही ऑइल मधासारखं दिसतं आणि लोक म्हणतात अजून चालेल. पण गॅसच्या ज्वलनाची उष्णता आणि नायट्रोजनच्या संयुगांमुळे ते आतून सडत असतं. रंग बघू नका, मीटर बघा.

दुसऱ्या किनाऱ्यावरून

अमेरिकेत 'हाय मायलेज' नावाचा वेगळा डबाच मिळतो. व्हॅल्व्होलिनने २००० साली मॅक्सलाइफ आणलं, मग बाकीच्यांनी. ७५,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार किमीच्या पुढच्या गाड्यांसाठी. आत वेगळं काय, तर कडक झालेले रबरी सील थोडे फुगवून मऊ करणारी द्रव्यं, जरा जास्त डिटर्जंट, आणि जाडी त्याच ग्रेडच्या वरच्या टोकाकडची. पाझरणाऱ्या सीलला दोन-तीन हजार किमीनंतर फरक दिसतो. फाटलेल्या सीलला किंवा घासलेल्या रिंगांना काही होत नाही. गाडी कोरडी असेल तर जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

स्पॅनर

"सिंथेटिक टाकलं आणि गळायला लागली" ही तक्रार पुढे येणारच, म्हणून आधीच लिहितो. सिंथेटिक सील खात नाही. कडक सीलच्या कडेला जमलेला गाळ ते धुऊन काढतं आणि तिथली गळती उघडी पडते.

त्याच कारणाने फ्लशबद्दल (इंजिन आतून धुवायचं द्रव) माझं मत वाईट आहे. ऑइलच्या झाकणाखाली काळा लोण्यासारखा थर असेल तर फ्लश ओतूच नका. थर सुटून संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या तसराळ्यातल्या) पिकअपच्या जाळीवर बसतो, पंप उपाशी राहतो आणि बेअरिंगं जातात. त्यापेक्षा साधं, योग्य ग्रेडचं ऑइल फिल्टरसकट २५००-३००० किमीला दोन-तीनदा बदला. हळूहळू साफ होऊ द्या.

बीएस६

डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारी जाळी) असलेल्या डिझेलमध्ये ए३/बी४ नको, पुस्तिका सांगेल ते कमी राखेचं (सी२, सी३) ऑइल. ऑइलची राख जाळीतून जळून जात नाही, साचत जाते. आणि डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका. रिजनरेशन (जाळीतली काजळी जाळणं) अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. लगेच बदला.

पाना-पकड

बदलतानाच्या चुका जास्त महाग पडतात. मारुतीच्या के-सिरीजचं उदाहरण घ्या. इंजिन कोमट असताना ड्रेन बोल्ट सोडा, वॉशर नवा घाला, ३५ न्यूटन-मीटरला आवळा. लांब पाइप लावून आवळलात की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा होतात आणि पहिल्या रेसला सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या रिंगेला ऑइल लावायचं, टेकल्यावर पाऊण फेरी, हातानेच.

ठरलेल्यापेक्षा पाव लिटर कमी भरा, मिनिटभर चालवा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून पुरं करा. जास्त झालं तर क्रँक ते घुसळतो आणि पंपाला फेस मिळतो.

सेंटीस्टोक

@पाना-पकड, एक राहिलं: रिकामा डबा तसाच भंगारात देऊ नका, बुडाला खिळ्याने दोन भोकं पाडा. नाहीतर तोच डबा पुन्हा भरून, नवं सील लावून विकायला येतो. जुनं ऑइल मात्र गटारात नाही, गॅरेजच्या ड्रममध्ये.