दर १५ सेकंदांनी जाहिरात रिफ्रेश करणारा कोड टाकावा का? सल्ला हवा

रवाळ_पेढा:
माझी पाककृतींची साइट आहे, सहा वर्षं झाली. ॲडसेन्समधून (साइटवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा) होस्टिंगचा खर्च आणि वर एखादं सिलिंडर निघेल इतपत मिळतं. परवा एका एजन्सीचा फोन आला. म्हणे, "मॅडम, तुमच्या पानांवर लोक खूप वेळ थांबतात. आमचा कोड टाका, दर १५ सेकंदांनी जाहिरात बदलेल, उत्पन्न तिप्पट." थांबतात हे खरंय, पुरणपोळीचं पान तर अर्धा-अर्धा तास उघडं असतं. मोह होतोय. कुणी वापरलाय का?

खटपट्या:
वापरलाय, हात पोळून घेतलेत. माझी क्रिकेट स्कोअरची साइट होती, रिफ्रेश १० सेकंदांवर. जाहिराती देणाऱ्या नेटवर्कचं नाव घेत नाही. पहिल्या महिन्यात आकडे जवळपास दुप्पट, आनंदात श्रीखंड आणलं. दुसऱ्या महिन्यात अवैध ट्रॅफिक (म्हणजे खऱ्या रसातून न आलेल्या क्लिक नि जाहिराती) म्हणून वजावट झाली आणि हातात नेहमीपेक्षाही कमी आलं. डॅशबोर्डवर दिसते ती 'अंदाजे कमाई' असते, हे तेव्हा कळलं. श्रीखंड तोवर पचलं होतं.

टेबलफॅन:
ताई, आधी एक बघा, तो कोड ॲडसेन्सचाच युनिट (जाहिरातीची जागा) फिरवणारा आहे का? तसा असेल तर विषय संपला. वाचकाने काही न करता जाहिरात किंवा पान आपोआप रिफ्रेश करायला ॲडसेन्सच्या धोरणात मनाई आहे. खातं बंद झालं तर अपील करता येतं, पण सहा वर्षांची मेहनत त्या अपिलावर टांगायची का?

गूगल ॲड मॅनेजरचं, म्हणजे साइटवरच्या जाहिरातींच्या जागा सांभाळायच्या गूगलच्या दुसऱ्या सेवेचं, वेगळं आहे. तिथे रिफ्रेश चालतं, पण ते आधी जाहीर करावं लागतं, म्हणजे ही जागा रिफ्रेश होते हे त्या जागेसाठी बोली लावणाऱ्या जाहिरातदाराला माहीत असतं. वेळेवर चालणारं रिफ्रेश असेल तर किमान ३० सेकंद. तुमचा माणूस १५ म्हणतोय, म्हणजे तिथेही बसत नाही.

आता तिप्पटीचा हिशोब. वाचक चार मिनिटं थांबला तर १५ सेकंदांच्या हिशोबाने एका जागेत १६ जाहिराती. वाचक तोच, खिसा तोच, फक्त जाहिराती १६. जाहिरातदाराला पुढे काही विक्री दिसली नाही की त्या जागेची बोली उतरते आणि साध्या जाहिरातीचाही भाव जातो. शिवाय जाहिरात 'दिसली' असं धरायला तिचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर हवा. वाचक खाली साहित्याच्या यादीवर असताना वरची जागा फिरत राहिली तर त्याला दिसणं म्हणत नाहीत.

२०२४ पासून ॲडसेन्सही क्लिकऐवजी इम्प्रेशनवर, म्हणजे जाहिरात किती वेळा दाखवली त्यावर, पैसे देतं. असे फोन वाढलेत ते त्यामुळेच, असा आपला माझा अंदाज.

सांजवात:
मी वाचक म्हणून सांगते. पोळपाटाशेजारी फोन ठेवून पोळ्या लाटत होते. वरची जाहिरात बदलली, आधीपेक्षा उंच आली, आणि 'वेलची-जायफळ' ही ओळ सर्रकन खाली गेली. ती वर आणायला पिठाचं बोट लावलं तर उघडली कर्जाची जाहिरात. त्या साइटवर परत गेले नाही.

खटपट्या:
हीच ती चुकून झालेली क्लिक! याच क्लिका पुढे 'अवैध'मध्ये जातात.

रवाळ_पेढा:
सगळ्यांचे आभार. आज त्या माणसाला विचारलं की रिफ्रेश ॲड मॅनेजरमध्ये जाहीर केलंय का. म्हणाला, "ते आमची टीम बघते मॅडम, तुम्ही फक्त कोड टाका." त्याने दाखवलेली एक साइट लॅपटॉपवर उघडली, ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पान मागून काय काय मागवतंय ते दाखवतो) चालू केला आणि दुसऱ्या टॅबवर जाऊन चहा करून आले. साइट कुणी बघतही नव्हतं, तरी जाहिरातींच्या मागण्या जातच होत्या. कोड टाकत नाहीये. पण आहे त्यातच थोडं वाढवायला काय करू?

टेबलफॅन:
पान जिथे थांबतं तिथे, म्हणजे कृतीच्या दोन टप्प्यांच्या मधे, एक चांगली जागा द्या. जागेची उंची सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) आधीच राखून ठेवा, म्हणजे सांजवातताईंची वेलची हलणार नाही. खालच्या जाहिराती वाचक तिथवर पोचल्यावरच लोड होऊ द्या. महिनाभर आकडे बघा आणि इथे टाका.

सांजवात:
आणि पुरणपोळीची लिंकही द्या!