लेखन आणि नाटक, दोन्ही एकत्र शिकायचं का? (टीवायबीए, मराठी)

कळवा_स्लो:

नमस्कार. मी टीवायला आहे, मराठी घेऊन, दादरच्या बाजूच्या एका कॉलेजात. तीन वर्षं नाट्यमंडळात काढली. पहिलं वर्ष प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळण्यात आणि सगळ्यांचे वडापाव आणण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं, आणि यंदा माझी स्वतःची एकांकिका बसली. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच बाहेर गेली, ते असो.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. माझ्या एकांकिकेत आई पोळ्या लाटता लाटता एक वाक्य म्हणते, "या घरात माझ्या आवाजापेक्षा पावसाचाच आवाज जास्त ऐकला गेलाय." मला ते फार आवडलं होतं. आमच्या सरांनी त्याखाली लाल रेघ मारून 'वा' लिहिलं होतं. तालमीत मात्र आईचं काम करणारी मुलगी नेमकी तिथेच रोज अडखळायची. पाचव्या की सहाव्या दिवशी ती वाक्य विसरली. लाटणं थांबवलं आणि नुसती वर पत्र्याकडे बघत बसली. दिग्दर्शक म्हणाला, हेच ठेवू, वाक्य काढ. मी त्या रात्री घरी येऊन रडले. आणि प्रयोगात त्याच जागी अख्खं थिएटर चिडीचूप.

तेव्हापासून कळेनासं झालंय की मला लिहायला शिकायचंय की नाटक शिकायचंय. एमए मराठी डोळ्यांपुढे आहेच. मुंबई विद्यापीठाचं कलिनाचं थिएटर आर्ट्स ऐकून आहे. मावसभावाने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची लिंक पाठवली, तिथे सर्जनशील लेखन आणि नाटक एकाच पदवीत आहे, अर्धं-अर्धं. बाबा बेस्टमध्ये आहेत, त्यामुळे ती लिंक मी फक्त बघते. पण असं दोन्ही एकत्र शिकून खरंच काही होतं का? कुणी केलंय?

पहिली_रांग:

नाटककार विजय तेंडुलकर कुठल्या विद्यापीठात शिकले होते? शाळासुद्धा पुरी केली नव्हती त्यांनी. दुसरे नाटककार सतीश आळेकर, तर बायोकेमिस्ट्रीवाले. लिहिणारा लिहितो. डिग्रीचे पैसे वाचव आणि नाटकं बघ.

विंगेतून:

कळवा, मी केलंय. अगदी तेच, तीन वर्षांचं, अर्धं-अर्धं, इंग्लंडात. मामाने पैसे घातले होते, अजून ऐकवतो. सध्या मालिकेचे संवाद लिहिते. रात्री दोनला एपिसोड पाठवायचा आणि सकाळी सातला सेटवरून फोन येतो, "मॅडम, सासू आज नाहीये, सीन बदला." तेव्हा माझं यश किती मानायचं ते तूच ठरव.

तिथे दोन विभाग, दोन इमारती, मध्ये दहा मिनिटांची चढण. लेखनाच्या वर्गात आम्ही दहा-बारा जण टेबलाभोवती बसायचो. ज्याचं लिखाण असेल त्याने तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी बोलायचं. तिथे माझ्या वाक्यांचं कौतुक व्हायचं. चढण चढून गेलं की काळ्या भिंतींचा स्टुडिओ. चपला बाहेर काढायच्या आणि पहिले दोन महिने संहिताच नाही, नुसतं चालणं, बसणं, एकमेकांकडे बघणं. मला वाटायचं, ही काय बालवाडी आहे?

मग एकदा एकच पान मी दोन्हीकडे नेलं. टेबलावर अर्धा तास एका स्वल्पविरामावर चर्चा झाली. तीन दिवसांनी स्टुडिओत एक मुलगी तेच पान उभी राहून वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीला थांबून विचारलं, "मी हे बोलताना माझे हात काय करतायत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाई बोलत होती, पण तिला हातच दिले नव्हते मी. दोन्ही विभागांतली माणसं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, ती सांधाजोड आपणच त्या चढणीवर धापा टाकत करायची असते. पण करावी लागते, म्हणून होते.

आता तुझ्या वाक्याबद्दल. "ऐकला गेलाय" असं पोळ्या लाटणारी कुठलीही आई बोलत नाही. ते लेखिकेचं वाक्य आहे, आईचं नाही. म्हणून जीभ अडत होती. पण म्हणून ते फुकट गेलं असं समजू नकोस. ती मुलगी पत्र्याकडे बघत बसली ते पाच दिवस ते वाक्य तोंडात घोळवल्यावर. पहिल्याच दिवशी तू नुसतं "आई वर बघते" असं कंसात लिहिलं असतंस, तर तिने पंखा बघितल्यासारखं बघितलं असतं. वाक्य कापलं गेलं तरी ते तिच्या अंगात उतरलं होतं. लिहिणं आणि ते कापायला देणं हे एकच काम आहे, हे मला समजायला तीन वर्षं लागली आणि तुला सहा दिवस.

इंग्लंडबद्दल एकच अडचण सांगते, पैशांची सोडून. तिथे इंग्रजीत लिहावं लागतं. माझी आई, म्हणजे संहितेतली, इंग्रजी बोलायला लागली की माझ्या कानातून निघूनच जायची. "अगं बाई" याला तिकडे काहीच नाही. शिवाय एका शिक्षकांना माझ्या प्रत्येक नाटकात आंबा नाहीतर लग्न हवं असायचं. तिसऱ्या वर्षी वैतागून आंब्याचं लग्न लावलं, तर चांगले मार्क पडले.

@पहिली_रांग, तेंडुलकरांना डिग्री नव्हती, पण १९६० पासून रंगायन ही नाट्यसंस्था होती. त्यांचं लिखाण वाचायला, त्यावर भांडायला आणि बसवून बघायला माणसं होती. १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरला छबिलदासच्या हॉलमध्ये जे प्रयोग केले त्याला आपण चळवळ म्हणतो, पण ती वास्तू शाळेचीच होती की हो. शिकले सगळेच. फी भरली नाही एवढंच.

शेअर_रिक्षा:

इंग्लंड राहू दे, मुंबईचं सांगतो. कलिनाची थिएटर आर्ट्स अकादमी २००३ ची, दिग्दर्शक वामन केंद्रे सुरुवातीचे संचालक. मास्टर्स दोन वर्षांचं आहे. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, आणि वर ज्यांना बायोकेमिस्ट्रीवाले म्हटलंय ते आळेकर पुढे त्याच केंद्राचे बरीच वर्षं प्रमुख होते, हे गमतीत घ्या. दिल्लीच्या एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, तीन वर्षं जातात. यातलं कुठलंही घेतलंस तरी लिहिण्याची शिस्त स्वतःची स्वतः लावावी लागेल. नाटक शिकणाऱ्यांना तालमीतून वेळ मिळत नाही, आणि एमए मराठीत नाटक हा वाङ्मयप्रकार म्हणून येतो, खाली बसून वाचायचा.

कळव्याहून कलिना म्हणजे कुर्ल्याला उतरायचं आणि पश्चिमेला रिक्षा किंवा बस. तालीम संपली की शेवटच्या गाड्यांचं गणित आधी करून ठेव. मी दोन वेळा कुर्ल्याच्या फलाटावर सकाळ केली आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याच वर्गात धड शिकवत नाहीत. जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडून, पास करून आणावी लागते. बहुतेक लेखकांना हे प्रयोगाच्या आठवडाभर आधी कळतं, मग टायपिंगवाल्याकडे धावाधाव. तू आत्ताच ऐकून ठेव.

कळवा_स्लो:

विंगेतून ताई, "ऐकला गेलाय" वर मी पहिल्यांदा चिडले, मग आईला स्वयंपाकघरात उभं करून ते वाक्य म्हणायला लावलं. ती म्हणाली, "हे कोण बोलतं असं? मी म्हणाले असते, पाऊस तरी ऐकता, माझं कोण ऐकतंय." आणि पोळी उलटली. मी वही आणायला धावले.

दुसरं म्हणजे आमच्या त्या मुलीला काल विचारलं, वाक्य नक्की कसं विसरलीस. म्हणते, विसरलेच नव्हते गं. त्या दिवशी बोलावंसंच वाटलं नाही.

बाबांना कलिना सांगितलं. "कुर्ल्याहून आपली बस आहे तिकडे," एवढंच म्हणाले. हो की नाही ते कळलं नाही.

विंगेतून:

हो आहे ते. बेस्टवाल्यांचं मला माहीत आहे, माझे आजोबा कंडक्टर होते.

त्या मुलीला धरून ठेव. पुढचं जे लिहिशील ते सरांच्या आधी तिला वाचायला दे, उभं राहून. आणि आईचं ते वाक्य जसंच्या तसं घालू नकोस लगेच, आधी तिच्यापुढे ठेवून बघ ती कुठे थांबते.

पहिली_रांग:

आळेकरांचं मान्य. एकांकिकेचं नाव काय होतं?

कळवा_स्लो:

'पत्रा'. आधी वेगळं होतं, प्रयोगानंतर बदललं.