दिव्यांगांना सामावून घेणारे कारखाने आणि मंडळं: सन्मानासाठी निकष कसे ठरवावेत?

वसाहतकर:
नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतली उद्योजक संघटना आणि लगतच्या गावांतली सार्वजनिक मंडळं मिळून ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, एक वार्षिक सन्मान सुरू करत आहेत. गट दोन. कारखाने, दुकानं, कार्यालयं हा एक आणि गणेश मंडळं, वाचनालयं, भजनी मंडळं, बचत गट हा दुसरा.

निकषांचा कच्चा मसुदा माझ्याकडे आला आहे आणि त्यात तीनच रकाने आहेत: दिव्यांग किती, रॅम्प आहे का, फोटो जोडा. एवढ्यावर निवड केली तर ज्यांनी खरं काम केलंय ते मागे राहतील आणि ज्यांच्याकडे फोटो चांगले आहेत ते पुढे जातील. केंद्र सरकारचे राष्ट्रीय पुरस्कार आणि एनसीपीईडीपी या दिव्यांगांच्या रोजगारासाठी काम करणाऱ्या संस्थेचे हेलन केलर पुरस्कार माहीत आहेत, पण तालुक्याला पेलेल असं काहीतरी हवंय.

आकड्यापलीकडे काय विचारावं? प्रत्यक्ष भेटीत काय पाहावं आणि कुणाशी बोलावं? बारा माणसांचं वर्कशॉप आणि चारशेचा कारखाना एकाच मापाने कसे मोजायचे? आणि मंडळांना तर दिव्यांगांचा कायदा लागूच होत नाही, मग त्यांना कशावर तोलायचं?

लेथवाला:
आधी आकाराचं. २० पेक्षा कमी कामगार, २० ते १०० आणि १०० च्या वर असे तीन गट करा. २० ची रेघ मनाने ओढलेली नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २०१७ च्या नियमांत २० किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांसाठी त्या धोरणात काय काय हवं ते सांगितलंय: दिव्यांगांना योग्य अशा कामांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बदलीत प्राधान्य, विशेष रजा, साहाय्यक साधनं, आणि या सगळ्यासाठी नेमलेला संपर्क अधिकारी. २० च्या खाली फक्त सोयीसुविधा लिहिल्या तरी चालतं. धोरणाची प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते, आपल्याकडे हे कार्यालय पुण्यात आहे. तेव्हा अर्जासोबत धोरण आणि नोंदणीची पोच मागा, पण त्याला १० च गुण द्या. उतरवून घेतलेलं धोरण एका संध्याकाळीत तयार होतं.

खासगी क्षेत्राला दिव्यांगांचं आरक्षण बंधनकारक नाही, ४ टक्के फक्त सरकारी आस्थापनांना. कलम ३५ मध्ये सरकारने खासगी मालकांना प्रोत्साहन द्यावं असं आहे, तेही ५ टक्क्यांच्या उद्दिष्टाने. म्हणून "कायद्यापेक्षा जास्त माणसं घेतली" असा दावा कुणी केला तर त्याला काही अर्थ नाही.

सर्वांत जास्त वजन टिकण्याला द्या, माझ्या मते १०० पैकी ३५. गेल्या तीन वर्षांत किती दिव्यांग कामाला लागले, त्यांतले आज किती आहेत, किती जण हेल्परचे ऑपरेटर झाले, त्याच महिन्यात त्याच कामावर लागलेल्या दुसऱ्या कामगाराचा पगार आज किती आणि यांचा किती. माणूस कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, हेही विचारा. वर्षानुवर्षं "प्रशिक्षणार्थी" म्हणून विद्यावेतनावर ठेवलेला बौद्धिक दिव्यांग मुलगा हा रोजगार नव्हे. तशी उदाहरणं मोजायची नाहीत, उलट तिथेच अर्ज थांबवायचा.

कागदावरची नोकरी हा दुसरा सापळा. नाव पटावर, पगार खात्यावर आणि माणूस घरी. उत्पादनाच्या नोंदी, मशीनवरची शिफ्टची पाटी आणि कँटीनची कुपनं एकमेकांशी ताडून पाहा. खोटं असेल तर इथे उघडं पडतं.

भेटीच्या दिवशी मोजपट्टी न्या. कर्णबधिर कामगार असलेल्या विभागात ही जागा नीट बघा: फोर्कलिफ्ट जिथे वळतो तो कोपरा. हॉर्न त्याला ऐकू येत नाही. तिथे बहिर्वक्र आरसा आहे का, फोर्कलिफ्टवर चमकणारा दिवा आहे का, पायी चालायची पट्टी रंगवलेली आहे का? आगीचा भोंगा नुसता वाजतो की त्याच्याबरोबर दिवाही लागतो? तो दिवा शौचालयातही हवा, कारण तिथे माणूस एकटा असतो आणि खांद्याला हात लावून सांगणारं कुणी नसतं. सकाळच्या सुरक्षेच्या बैठकीत सुपरवायझर बोलतो तेव्हा त्याचं तोंड कामगारांकडे असतं की फळ्याकडे, तेवढंही पाहिलं तर बरंच कळतं.

पगारपत्रक:
लेथवाल्यांना दुजोरा. एक सोपी चाचणी माझ्याकडून. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दिलेल्या कर्मचाऱ्याला व्यवसाय कर माफ आहे. त्याच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसले तर समजा की कंपनीने प्रमाणपत्र फाईलला लावलं आणि पुढे कुणी पाहिलं नाही. वर्षाचे २,५०० रुपये ही कमी पगाराच्या माणसासाठी छोटी रक्कम नाही. अर्ज बाद करू नका, पण "सुधारून पाठवा" असं कळवा. एवढ्या चौकशीनेही त्या कामगाराचे पैसे वाचतात.

पगारपत्रकाच्या प्रती मागताना नावं झाकून घ्या. बाराजणांच्या युनिटमध्ये नाव झाकूनही माणूस ओळखू येतोच, म्हणून त्या कामगाराची लेखी संमती वेगळी घ्या आणि ती मालकामार्फत घेऊ नका. कुणाचं निदान काय हे तर परीक्षक मंडळालासुद्धा कळायची गरज नाही.

पांढरी काठी:
"रॅम्प आहे का" या प्रश्नाला सगळे "आहे" म्हणतात. प्रश्न असा लिहा: किती उंचीसाठी किती लांबीचा? प्रमाण १:१२ हवं. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर, त्याला ५.४ मीटर रॅम्प लागतो. बहुतेक ठिकाणी दोन मीटरची फळी टाकलेली असते. तो उतार साधारण १:४.५ होतो, चाकाची खुर्ची मागे उलटते किंवा ढकलणाऱ्याच्या अंगावर येते. दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली सपाट जागा. दार उघडल्यावर मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, आणि ती चौकटीपासून उघड्या दाराच्या फळीपर्यंत मोजायची. आत वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ.

शौचालयाचं दार आत उघडणारं असलं तर खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आणि कृपया न सांगता जाऊन दार उघडा. निम्म्या वेळा आत झाडू, बादल्या आणि मोडकी खुर्ची असते. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आणि ती यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

दृष्टिहीन कर्मचाऱ्यांच्या बाबतीत बघण्याची जागा संगणक आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो, त्यामुळे "खर्च परवडत नाही" हे कारण उरत नाही. अडतं ते दुसरीकडे. परिपत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतं आणि स्क्रीन रीडर त्याची निरर्थक रोमन अक्षरं वाचतो. किंवा सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून ग्रुपवर टाकलेला असतो, म्हणजे वाचकाच्या दृष्टीने नुसतं चित्र. शेवटची पाच परिपत्रकं मागून घ्या आणि टॉकबॅकवर, म्हणजे मोबाइलमधल्या स्क्रीन रीडरवर, ऐका. ऐकू आली तर गुण, नाही तर शून्य. रजेचा अर्ज भरायचं सॉफ्टवेअर माउसशिवाय, फक्त कीबोर्डवर चालतं का तेही तिथेच बघून होतं.

वसाहतकर:
फार उपयोगी. दोन शंका. कामगारांशी बोलताना मालकाची माणसं बाजूला कशी करायची? आणि जे दिव्यांगत्व दिसत नाही, त्याचं काय? आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, पण अर्जांत फक्त चाकाच्या खुर्चीचे फोटो येणार हे आत्ताच दिसतंय.

लेथवाला:
बोलण्याची अट अर्जातच छापा: परीक्षक दिव्यांग कर्मचाऱ्यांशी बंद खोलीत, कंपनीच्या प्रतिनिधीशिवाय बोलतील. मान्य नसेल तर अर्ज करू नये. दुभाषा तुमचा न्या. कंपनीतला "याला खुणा येतात" असा सहकारी बसवला तर कर्णबधिर कामगार त्याच्यासमोर त्याच्याच सुपरवायझरबद्दल काय सांगणार?

प्रश्न थोडे ठेवा. शेवटचं काय मागितलंत आणि ते किती दिवसांत मिळालं? कुणाकडे मागायचं हे तुम्हाला आधी माहीत होतं का? आग लागली तर तुम्ही कुठून बाहेर पडणार, आणि तसा सराव झालाय का? खंडेनवमीच्या पूजेला, सहलीला, पार्टीला तुम्ही होता का? "किती दिवसांत" या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं. मशीनसमोर उंच स्टूल हवं होतं आणि ते आठवड्यात आलं, तर त्या कंपनीत ऐकणारं कुणीतरी आहे. सहा महिने "वर पाठवलंय" असेल तर रॅम्प कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

न दिसणाऱ्याबद्दल: कायद्याच्या परिशिष्टात २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता सगळं त्यात येतं. सिकलसेल असलेल्या माणसाला पाणी कमी पडलं, अंग गार पडलं किंवा अतिश्रम झाले की वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून अशा कामगारासाठी पाण्याची जागा जवळ असणं, भट्टीसमोर किंवा शीतगृहात सलग पाळी न लावणं, झटका आल्यावर रजा खाडा न धरणं, ही त्याच्यासाठी केलेली सोय. यांतलं काहीच फोटोत दिसत नाही. अर्जात एक रकाना ठेवा: "कामाची पद्धत, वेळ किंवा जागा यांत केलेले बदल". आजाराचं नाव विचारू नका, बदल विचारा. आणि कुणाला स्वतःचं दिव्यांगत्व जाहीर करायचं नसेल तर कंपनीचा आकडा वाढावा म्हणून त्याच्यामागे लागायचं नाही, हे सूचनांमध्ये ठळक लिहा.

ढोलपथक:
मंडळांचं मी सांगते. आधी एक दुरुस्ती. मंडळांना कायदा लागू नाही असं नाही. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सोसायटी, ट्रस्ट, संघटना सगळे येतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं मंडळही त्यात बसतं.

मंडळांच्या अर्जांत हमखास येणारी गोष्ट म्हणजे साहित्यवाटप: इतक्या तीनचाकी, इतक्या कुबड्या, व्यासपीठावर पाहुणे. चांगलं काम आहे, पण ते दान आहे आणि तुमचा सन्मान दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. ते रकान्यातच घेऊ नका, नाही तर परीक्षकांना मोह होतो. विचारा की कार्यकारिणीत दिव्यांग सभासद आहे का, आणि कुठल्या पदावर. खजिनदार असेल तर हिशेबाच्या वह्या तो स्वतः वाचू शकतो का? बैठक कुठे भरते? लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर भरत असेल तर बाकी उत्तरं वाचायची गरज नाही. वर्गणी मागायला जाताना कर्णबधिर पोराला बरोबर नेतात की त्याला फक्त खुर्च्या लावायला ठेवतात?

मांडवाचं व्यासपीठ साधारण ६० सेंटिमीटर उंच असतं, त्याला वरच्या हिशेबाने ७.२ मीटर रॅम्प लागेल. गल्लीत तेवढी जागा नसते. मग रॅम्प मध्ये सपाट टप्पा ठेवून काटकोनात वळवता येतो, किंवा आरतीचं तबक आणि मान खाली, जमिनीवर आणता येतो. ज्या मंडळाने दुसरा मार्ग काढला त्यालाही गुण द्या. दर्शनाची वेगळी रांग असेल तर ती घरच्यांसह आहे का ते बघा, दिव्यांग एका दारातून आणि बायको-मुलं तासाभराने दुसऱ्या दारातून असं नको. स्वमग्न मुलांसाठी ढोल आणि स्पीकर बंद ठेवलेला दिवसातला एखादा तास जाहीर केला, तर बिनखर्चाचं मोठं काम होतं. वेळ फलकावर आणि ग्रुपवर, दोन्हीकडे हवी, आणि ती पाळली जाते का ते त्या वेळी जाऊन ऐका.

ढोल-लेझीमच्या सरावात सिकलसेल असलेली मुलं असतील तर पाण्याची सुट्टी ठरलेली हवी आणि मध्येच थांबण्याची मुभा कुणाला न विचारता हवी. पथकप्रमुखाला हे माहीत आहे का, एवढं विचारलंत तरी पुरे.

वाचनालयांसाठी: कपाटांमधली वाट ९०० मिलिमीटर, आणि पुस्तक काढून द्यायला माणूस असेल तर तो कुरकुर न करता उठतो का, हे नेहमीच्या वाचकांना विचारा.

पांढरी काठी:
परीक्षकांबद्दल कुणी बोललं नाही. पाचजणांत किमान तिघे दिव्यांग असावेत, वेगवेगळ्या प्रकारचे, आणि त्यांना प्रवासखर्चाबरोबर मानधन द्या. एखाद्या उद्योजकाचा नातेवाईक किंवा पुरवठादार परीक्षक नको. सन्मान दोन वर्षांपुरता द्या, मग पुन्हा भेट. बोधचिन्ह कंपनीच्या गेटवर कायमचं लागलं की आतली माणसं सोडून गेली तरी ते तिथेच राहतं. ज्यांना सन्मान मिळाला नाही त्यांनाही मोजमापं आणि सूचना लेखी पाठवा. पुढच्या वर्षीचे चांगले अर्ज त्यांतूनच येतील.

मंचावर सन्मान संस्थेचा आहे, तेव्हा दिव्यांग कर्मचाऱ्याला हार घालून "यांच्या जिद्दीला सलाम" नको. त्याला बोलायचं असेल तर माइक द्या, नसेल तर त्याला कामावर जाऊ द्या.

ढोलपथक:
वेळापत्रक मागून आखा. अर्ज ऑगस्टमध्ये मागवा, म्हणजे मंडळांची भेट प्रत्यक्ष गणेशोत्सवातच होते, मांडव उभा असताना. कारखान्यांच्या भेटी दिवाळीच्या आधी उरका, नंतर निम्मे कामगार गावी असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निकाल आणि सूचनापत्रं. सभागृह ठरवताना आधी मंचाची उंची मोजा आणि रॅम्प नसेल तर कार्यक्रम खालीच घ्या. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन लागतील, कारण वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून करावं लागतं, आणि त्यांच्यावर उजेड राहील असं बघा. ३ डिसेंबरला सगळ्यांनाच दुभाषे हवे असतात, त्यामुळे त्यांची तारीख अर्जाचा नमुना छापायला टाकाल त्याच आठवड्यात पक्की करा.