शब्दचर्चा: ‘गार्डियन’ म्हणजे रक्षक, द्वारपाल की राखणदार?

दादरकर
भाच्याने ‘द लास्ट गार्डियन’ संपवला. गेम २०१६ चा, पण त्यातला त्रिको हा अर्धा मांजर, अर्धा पक्षी असा अगडबंब प्राणी मुळात आला कुठून, यावर त्याची मित्रमंडळी अजून भांडतायत. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी त्याला हे मराठीत लिहायचंय आणि मी पहिल्याच शब्दाला अडलोय. ‘पालक’ म्हटलं की प्रगतिपुस्तकावरची सही आठवते. ‘पहारेकरी’ म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन. ‘रक्षक’ बरोबर आहे, पण कोरडा. ‘फॅन थिअरी’, म्हणजे गोष्टीत न सांगितलेल्या भागाबद्दल चाहते बांधतात ते अंदाज, त्यालाही शब्द सुचवा.

गिरगावकर
द्वारपाल! घारापुरीला लाँचने जाऊन या. मुख्य लेण्यात लिंगाच्या गाभाऱ्याला चार दारं, प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल. गार्डियन म्हणजे ते.

विक्रोळीचा गेमर
काका, पण त्रिको कुठल्या दाराशी उभा नसतो हो. सुरुवातीला तोच साखळीने बांधलेला असतो, अंगात भाले रुतलेले. गेममधल्या मुलाने ते उपटून काढायचे, खायला पिंपं आणून द्यायची, मग कुठे तो जवळ येऊ देतो. गंमत म्हणजे जपानी नावात ‘गार्डियन’ नाहीच. तिथे आहे ‘माणसं खाणारा महागरुड त्रिको’. शिवाय त्रिकोचा जपानी उच्चार ‘तोरिको’, आणि ‘तोरिको’ म्हणजे कैदी. ‘तोरी’ म्हणजे पक्षी, ‘नेको’ म्हणजे मांजर, त्यांची सरमिसळही त्यात ऐकू येते. ‘तोरी नो को’ म्हटलं तर पक्ष्याचं पिल्लू. अर्ध्या थिअऱ्या या एका नावातूनच निघाल्यात.

माहीमची मावशी
मग शब्द ठरलाच की. राखणदार. मी मूळची सिंधुदुर्गातली, लग्न होऊन मुंबईत आले. आमच्याकडे राखणदार वाडी सांभाळतो, रात्री-अपरात्री चुकलेल्याला वाट दाखवतो म्हणतात. पण त्याचा नारळ, त्याचा कोंबडा चुकला की तोच धारेवर धरतो. त्याला जे द्यायचं त्यालाही ‘राखण’च म्हणतात, हे बघा. राखण करणाऱ्याला राखण द्यायची! तुमच्या ‘रक्षक’ला असली देणीघेणी नाहीत. पिंपं भरवल्याशिवाय हलत नाही तो त्रिको आमच्या वाडीतलाच वाटतो मला. आणि तो कुठून आला, कुणाचा कोण, हे आमच्याकडेही दर घरात वेगळं सांगतात.

गिरगावकर
मावशी, हार मानली. यात माझी एक भर. राखणे हे ‘रक्ष्’वरूनच आलं, आणि राक्षसही! रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करून ते सांभाळायला प्राणी निर्माण करतो. ‘रक्षाम’, आम्ही राखतो, म्हणाले ते राक्षस झाले. ‘यक्षाम’ म्हणाले ते यक्ष. म्हणजे माणसं खाणाऱ्याचं मूळ काम राखणदारीचं. माझे द्वारपाल तरी कुठे सुटले? जय-विजय वैकुंठाच्या दाराशी होते, शाप मिळाला आणि हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू होऊन जन्मले. भाच्याला सांगा, ही थिअरी फार जुनी आहे.

दादरकर
राखणदार पक्का. ‘फॅन थिअरी’ला ‘चाहत्यांचे सिद्धांत’ नको वाटतं, सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेलं. अटकळ?

माहीमची मावशी
अटकळ पुढे काय होईल याची बांधतात. मागे काय झालं असेल त्याला तर्क म्हणा. नाहीतर सरळ ‘कूळकथा’.

विक्रोळीचा गेमर
कूळकथा मस्त! आता खरी अडचण. तो त्रिको की ती त्रिको? जपानीत क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे तिकडे हा वाद लपून राहतो. मराठीत पहिल्याच वाक्यात ‘आला’ की ‘आली’ ठरवावं लागतं. गेमच्या शेवटी अंधारात डोळे चमकतात, तिथपासून यावर वेगळीच कूळकथा आहे. (भाच्याचा गेम संपलाय म्हणून लिहिलं, बाकीच्यांनी माफ करा.)

माहीमची मावशी
‘ते त्रिको’ लिहा. मांजरही तेच आणि पिल्लूही तेच.

दादरकर
भाचा म्हणतो, ‘ते’ लिहिलं तर मित्र मारतील. ‘तो’च राहील बहुधा.